सुट्या बोर्डांवरची मॉडेल रेल्वे : जोडावर रूळ एका रेषेत आणण्याची पद्धत

घरातली एक अख्खी खोली मॉडेल रेल्वेला देता येईल, असे भाग्य आपल्याकडे फार थोड्यांना लाभते. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कायमस्वरूपी मांडणीचा थाट ठाऊक असतो. परंतु दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची रेल्वे दिवाणाखाली किंवा माळ्यावर झोपते आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर निघून जोडली जाते. अशी रेल्वे तीन-चार किंवा अधिक सुट्या बोर्डांवर बांधलेली असते आणि ती जिथे जिथे सुटी होते, तिथे तिथे रुळांची दोन टोके दर वेळी अगदी त्याच जागी समोरासमोर यावी लागतात. नवशिक्यांच्या गाड्या घसरतात त्या बहुधा इथेच.

माझा पहिला जोड मी फिशप्लेटवर, म्हणजे दोन रुळांची टोके धरणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीवर, सोपवला होता. दोन्ही बोर्डांवरचे रूळ काठापर्यंत आणले, फिशप्लेट एका बाजूला सरकवून ठेवली आणि बोर्ड जवळ आणले की ती दुसऱ्या रुळावर ढकलायची, अशी ती योजना होती. पाच-सहा वेळा जोडल्यावर फिशप्लेटचे ओठ पसरले. त्यानंतर एकदा बोर्ड उचलताना रुळाचे उघडे टोक शर्टाच्या बाहीत अडकले आणि तीन स्लीपरांसह उखडून हातात आले. तेव्हा उमगलेली गोष्ट या लेखाचा कणा आहे. रूळ जोडापर्यंत आणून मग जुळवायचे नसतात. आधी बोर्ड जुळवायचे, मग जोडावरून रूळ सलग टाकायचे, ते दोन्ही बाजूंना पक्के करायचे आणि अगदी शेवटी कापायचे. हा क्रम उलटला, तर पुढची सगळी मेहनत चुका झाकण्यात जाते.

शब्दांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. रेल्वेच्या मराठीत ‘सांधा’ म्हणजे मार्ग बदलण्याची जागा, म्हणूनच ती हलवणारा तो सांधेवाला. त्यामुळे दोन बोर्ड जिथे भेटतात त्या जागेला येथे सर्वत्र ‘जोड’ म्हटले आहे. मापे एचओ (खऱ्या रेल्वेच्या १:८७) आणि ओओ (१:७६) या प्रमाणांसाठी दिली आहेत, कारण दोन्हींच्या रुळांचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६.५ मिमी असते आणि आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात त्यावरच होते. (आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी हे माप १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिमी भरते, म्हणजे १६.५ मिमीच्या रुळांवर धावणारी आपली भारतीय गाडी मुळातच थोड्या अरुंद मार्गावर असते. पण तो वेगळा विषय आहे.) त्याहून लहान एन प्रमाणाचे गेज ९ मिमी असल्याने पद्धत तीच राहते, फक्त चुकीला जागा आणखी कमी उरते.

किती अचूकता हवी

आपला सुतार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी; कपाटाच्या दाराला अर्ध्या सुताचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मॉडेल रेल्वेच्या चाकाची कड, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कंगणी, अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या प्रचलित आरपी-२५ आकारात एचओसाठी जेमतेम ०.६४ मिमी खोल असते. दोन रुळांच्या माथ्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर १:८७ प्रमाणात तो खऱ्या मार्गावरच्या सुमारे साडेचार सेंटिमीटरच्या पायरीइतका होतो, आणि अशा पायरीवर चाक चढले की कड जवळजवळ पूर्ण वर येते. म्हणून उंचीतला फरक ०.२ मिमीच्या आत आणि आडवा फरक शक्यतो ०.१ मिमीच्या आसपास ठेवावा, असे मी धरून चालतो. हे मोजायला महागडे साधन लागत नाही; झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, त्यामुळे कागदाच्या पट्ट्या हीच आपली मोजपट्टी. एवढी अचूकता लाकडात करवतीने आणि डोळ्यांनी मिळत नाही. ती धातूकडून मिळवावी लागते, म्हणून या पद्धतीत लाकूड फक्त भार वाहते आणि जुळवणीचे काम पितळ करते.

जोड कुठे घ्यावा

आराखडा कागदावर असतानाच जोडांच्या रेषा त्यावर आखाव्यात. रूळ जोडाला शक्यतो काटकोनात ओलांडावेत, आणि ओलांडताना ते सरळ असावेत. वळणावरचा रूळ कापला की त्यातला ताण मोकळा होतो आणि टोक बाहेर सरकू पाहते. तिरका ओलांडला तर बोर्ड किंचित जरी आडवे सरकले, तरी दोन्ही रुळांतली फट वेगवेगळी होते. सांधा जोडापासून दोन्ही बाजूंना किमान साडेसात-आठ सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे त्याच्या हलत्या पात्या आणि खालची मोटर या दोहोंना जागा राहते. जोडाच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीचे रूळ हवेत. कोड १०० आणि कोड ७५ हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची सांगतात, म्हणजे अनुक्रमे २.५४ आणि १.९ मिमी, हे दोन प्रकार जोडावर समोरासमोर आले, तर वर सांगितलेली पायरी आपण स्वतःच्या हाताने बांधलेली असते.

बोर्डाची लांबी ठरवताना लिफ्टचे दार आणि गाडीची मागची जागा मोजावी. चार फूट बाय दोन फूट हे माप मला सर्वांत सोयीचे वाटते: प्लायवुडच्या आठ बाय चारच्या ताव्यातून चार पृष्ठभाग निघतात, आणि एकटा माणूस असा बोर्ड जिन्यावरून उतरवू शकतो.

जोड हाताळण्याच्या इतरही रीती जगात रूढ आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या एनट्रॅक पद्धतीत रूळ काठापूर्वीच थांबवतात आणि मधल्या जागेत रुळाचा एक छोटा सुटा तुकडा बसवतात. टी-ट्रॅकमध्ये टेबलावर ठेवलेले छोटे बोर्ड काटो कंपनीच्या युनिट्रॅक रुळांच्या स्वतःच्याच खटक्यांनी एकमेकांना धरून राहतात. कोणाचाही बोर्ड कोणाच्याही बोर्डाला लागावा, यासाठी त्या रीती उत्तम आहेत. आपली रेल्वे मात्र एकट्याची असते, तिचे बोर्ड नेहमी एकाच क्रमाने लागतात. तेव्हा प्रत्येक जोड ही एक कायमची जोडी मानून ती एकदाच नीट जुळवणे अधिक सोपे पडते आणि दिसायलाही चांगले दिसते.

लाकूड आणि टोकाच्या पट्ट्या

जोडाची खरी जागा म्हणजे बोर्डाच्या टोकाला उभी लावलेली प्लायवुडची पट्टी. ती १८ मिमी जाडीची घ्यावी; १२ मिमी चालते, पण बोल्ट आवळल्यावर वाकते. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता साध्या एमआर (ओलावारोधक) दर्जाच्या प्लायवर पैसे वाचवू नयेत; आयएस ३०३ या भारतीय मानकाखालचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) दर्जा किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा आणि विकत घेताना ताव्याची कड नीट पाहावी. एका दुकानातून मी शिक्का पाहून, कड न पाहता आणलेला तावा दुसऱ्याच जुलैत थरांनी सुटला आणि दोन टोकाच्या पट्ट्या फुगून बोर्ड पूर्ण मिटेनात. कापलेल्या सर्व कडांना सँडिंग सीलर किंवा तेलरंगाचे दोन हात द्यावेत, विशेषतः खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या कडांना, कारण ओल तिथूनच शिरते.

एका जोडाच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एकाच मापाने कापून घ्याव्यात आणि पाठीला पाठ लावून क्लॅम्पमध्ये धराव्यात. वरची कड गुण्याने तपासावी. ती दोन्हींची मिळून एकच सपाट कड व्हायला हवी. आता पेन्सिलने दोन्हींवर वर दाखवणारा बाण काढावा आणि ‘१ उजवी’, ‘२ डावी’ अशी नावे घालावीत. या खुणा शेवटपर्यंत पुसू नयेत, कारण ही जोडी यापुढे कोणत्याही दुसऱ्या पट्टीशी जुळणार नाही.

खुंट्या आणि बोल्ट

नवशिक्याची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी, की बोल्ट आवळले की बोर्ड जुळतात. बोल्ट फक्त धरतो. आठ मिमीचा बोल्ट भोकात सहज जायचा तर भोक किंचित मोठेच हवे, आणि तेवढ्या ढिलाईत बोर्ड अर्धा-एक मिलिमीटर हवे तिकडे सरकतात. बोर्डाला त्याच्या जागी आणण्याचे काम खुंटीने करायचे आणि तिथे धरून ठेवण्याचे काम बोल्टने. ही दोन कामे एकाच वस्तूकडे सोपवू नयेत.

यासाठी सर्वांत खात्रीची वस्तू म्हणजे पितळी डॉवेलची जोडी. एका भागाला पुढे आलेली गोलसर टोकाची खुंटी असते, दुसऱ्याला ती नेमकी बसेल अशी वाटी. दोन्हींना चकती असते आणि चकतीतल्या भोकांतून स्क्रू मारता येतात. हे मुळात ओतकामाच्या लाकडी पॅटर्नचे दोन अर्धे भाग जुळवण्यासाठी वापरले जाणारे सामान आहे, त्यामुळे कोल्हापूरसारख्या ओतशाळांच्या गावात पॅटर्न बनवणाऱ्यांकडे चौकशी केल्यास माहिती मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत फिरावे. ते कुठेच मिळाले नाही, तर लेथवाल्याकडून ८ मिमीची पोलादी पिन आणि तिच्यासाठी पितळी बुश करून घ्यावे. त्याला एवढेच सांगावे, की पिन हाताच्या जोराने आत-बाहेर सरकली पाहिजे पण डुलता कामा नये, आणि तिच्या टोकाला थोडा उतार हवा.

भोके पाडण्याची रीत महत्त्वाची आहे. क्लॅम्पमध्ये धरलेल्या दोन्ही पट्ट्यांतून आरपार, पिलर ड्रिलवर किंवा ड्रिलच्या स्टँडवर, प्रथम ३ मिमीचे मार्गदर्शक भोक पाडावे. हातात धरलेले ड्रिल कितीही सरळ वाटले तरी तिरके जाते, आणि ३६ मिमी जाडीत तो तिरकेपणा उघड होतो. मग पट्ट्या वेगळ्या करून प्रत्येकीच्या जोडाकडच्या तोंडावर त्याच भोकाच्या केंद्रावरून चकतीच्या व्यासाचा उथळ खड्डा आणि डॉवेलच्या बुंध्याचे भोक पाडावे. चकती लाकडाशी समतल बसली पाहिजे. केसभर वर राहिली तर बोर्ड मिटणार नाहीत, खोल गेली तर खुंटी वाटीत अर्धीच शिरेल. ॲराल्डाइटचा अगदी पातळ हात आणि स्क्रू, दोन्ही वापरावेत, आणि ते सुकेपर्यंत जोडी मिटवून क्लॅम्पमध्ये ठेवावी, म्हणजे खुंटी आणि वाटी एकमेकांची जागा स्वतःच पक्की करतात.

प्रत्येक जोडाला दोन डॉवेल पुरेत, आणि ते एकमेकांपासून जितके दूर तितके चांगले. दोन फुटी पट्टीवर ते दोन्ही टोकांपासून सात-आठ सेंटिमीटर आत असावेत. तिसरा डॉवेल बसवण्याचा मोह टाळावा, कारण दोन खुंट्यांनी बोर्डाची जागा पूर्णपणे ठरलेली असते आणि तिसरी फक्त त्यांच्याशी भांडते. बोल्टसाठी डॉवेलच्या आतल्या बाजूला १० मिमीची दोन भोके पाडून त्यांत एम८ चे बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि विंग नट घालावेत.

आता या पट्ट्यांवर बोर्डाचा सांगाडा उभारावा, आणि तो उभारताना पट्ट्या एकमेकींना बोल्टने आवळलेल्याच ठेवाव्यात. दोन बोर्ड वेगवेगळे बांधून शेवटी जोडण्याऐवजी दोन्ही एकत्र, जणू एकच आठ फुटी बोर्ड असल्याप्रमाणे सपाट फरशीवर बांधावेत. ग्लू सुकेपर्यंत वर पाणसळ ठेवून तपासत राहावे. पायांना जमिनीकडच्या टोकाशी उंची बदलणारे स्क्रू लावावेत, कारण आपल्या फरश्या आणि सभागृहांच्या जमिनी कधीच समपातळीत नसतात, आणि पायांनी बोर्ड वर-खाली ओढला तर बिचाऱ्या डॉवेलवर सगळा भार येतो.

रुळांना आधार

फ्लेक्सी ट्रॅकचे, म्हणजे हवे तसे वाकवता येणाऱ्या तयार रुळांचे, प्लास्टिकचे स्लीपर रुळाला सैलसर धरतात, म्हणून जोडाच्या काठावर ते निरुपयोगी आहेत. काठापासून सुमारे चार सेंटिमीटरपर्यंत दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे स्लीपर काढून टाकावेत आणि त्या जागी तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या बसवाव्यात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा हा कोरा पीसीबी लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो, १.६ मिमी जाडीचा, काचतंतूंचा घ्यावा, पिवळट कागदी प्रकार गरम केल्यावर थर सोडतो. स्लीपरच्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. काठावरची पहिली पट्टी मात्र दुप्पट रुंद ठेवावी, कारण धक्का तीच खाते.

प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मधोमध त्रिकोणी कानशीने आरपार तोडावा. हे राहून गेले तर दोन्ही रूळ तांब्याने एकमेकांना जोडले जातात आणि वीज देताच शॉर्टसर्किट होते. डोळ्यांवर विसंबू नये. मल्टिमीटरने तपासावे, कारण तांब्याचा केसभर धागाही पुरेसा असतो.

पट्ट्या ॲराल्डाइटने चिकटवाव्यात आणि काठावरच्या रुंद पट्टीला रुळांच्या बाहेरच्या बाजूंना दोन छोटे, खोलगट डोक्याचे पितळी स्क्रूही मारावेत. हे स्क्रू प्लायच्या कडेत थेट मारले तर थर फाकतात, म्हणून टोकाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला सागवानाचा एक ठोकळा आधीच चिकटवून ठेवावा आणि स्क्रूसाठी बारीक भोक पाडून घ्यावे. पट्टी शेजारच्या प्लास्टिकच्या स्लीपरांपेक्षा खाली राहत असेल तर तिच्याखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे घालावेत. एक पर्याय असाही आहे, की प्रत्येक रुळाखाली उभा पितळी स्क्रू मारून त्याच्या माथ्यावर रूळ सोल्डर करायचा. स्क्रू फिरवून उंची हवी तशी बदलता येते हा त्याचा गुण, पण आडव्या धक्क्याला तो एकटा स्क्रू तेवढा तग धरत नाही, असा माझा अनुभव आहे.

डाख (सोल्डर) देणे

या टप्प्यावर दोन्ही बोर्ड डॉवेलवर मिटलेले आणि बोल्टने आवळलेले असलेच पाहिजेत. रूळ जोडावरून सलग टाकावा, मधे फिशप्लेट नको. जोड रुळाच्या तुकड्याच्या साधारण मध्यावर यावा, म्हणजे दोन्ही बाजूंना रूळ नैसर्गिक रेषेत राहतो.

रुळाचा तळ आणि बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावी, तांबेही तसेच. दोन्हींवर आधी सोल्डरचा पातळ लेप द्यावा. ६०/४० चे कथील-शिशाचे सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि नवशिक्याला तेच सोपे जाते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. २५ वॅटची बारीक सोल्डरिंगची इस्त्री येथे अपुरी पडते. तिच्याने धातू हळूहळू तापत राहतो आणि तोपर्यंत उष्णता पुढच्या प्लास्टिकच्या स्लीपरांपर्यंत पोहोचून ते विरघळतात. ५० ते ६० वॅटची इस्त्री, रुंद टोक आणि दोन-तीन सेकंदांचा स्पर्श, हे अधिक सुरक्षित. पलीकडच्या प्लास्टिकला वाचवण्यासाठी रुळावर ओल्या कापसाचा बोळा ठेवावा.

प्रथम एकच रूळ पक्का करावा. त्याला पोलादी फूटपट्टी लावून सरळ रेषेत धरावा, जोडाच्या एका बाजूला काठावरच्या पट्टीवर डाख द्यावा, थंड होऊ द्यावा, मग दुसऱ्या बाजूला. चटके एका पाठोपाठ एक देत सुटू नये. गरम रूळ लांबलेला असतो आणि त्या स्थितीत पकडला गेला, तर थंड होताना ओढला जातो. पहिला रूळ सर्व पट्ट्यांवर बसल्यावर दुसरा रूळ गेजच्या मापकाने १६.५ मिमीवर धरून तसाच बसवावा. सोल्डर बाहेरच्या बाजूलाच राहील याकडे लक्ष द्यावे, आतल्या बाजूला त्याचा गोळा राहिला तर चाकाची कड त्यावर आपटते.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. जोडाला अशा रीतीने रूळ पक्का केला, की प्रत्येक बोर्डावरचा मार्ग दोन्ही टोकांना जखडला जातो. रूळ ज्याचे असतात ते निकेल-सिल्व्हर, नावात चांदी असली तरी तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते आणि एक मीटर लांबीचा असा रूळ तापमान २० अंशांनी वाढल्यावर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो. जानेवारीत बांधलेला मार्ग मे महिन्यात कुठेतरी वाकायलाच हवा, आणि तो नेमका दोन पक्क्या टोकांच्या मधे वाकतो. त्यासाठी बोर्डाच्या मध्यावर एक साधा फिशप्लेटचा जोड घेऊन त्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट सोडावी आणि तिथे सोल्डर करू नये.

कापणी

एक रात्र जाऊ द्यावी. ॲराल्डाइट पूर्ण कडक झालेले असले पाहिजे.

कापण्यासाठी बारीक दातांची रेझर सॉ वापरावी. तिची चीर सुमारे ०.३ मिमीची पडते. फिरत्या कटिंग डिस्कने काम लवकर होते, परंतु ती रुळाच्या वरून तिरकी धरावी लागते, चीर रुंद पडते आणि डिस्क फुटली तर तुकडे डोळ्यांकडे येतात, तेव्हा ती वापरणाऱ्याने चष्म्याविना हात लावू नये. करवतीचे पाते नेमके दोन बोर्डांच्या रेषेवर धरावे. दोन्ही रुळांच्या बाजूंना लाकडाचे ठोकळे टेकवून ठेवले, की पाते ओढताना रूळ हलत नाही. दाब देऊ नये. पात्याच्या वजनानेच कापू द्यावे.

दोन्ही रूळ कापून झाल्यावर बोल्ट काढावेत आणि बोर्ड सरळ मागे, आडव्या रेषेत, डॉवेलच्या दिशेने ओढून वेगळे करावेत. एक टोक आधी उचलून बोर्ड वाकवण्याची सवय लावून घेऊ नये, कारण तसे करताना रुळांची टोके एकमेकांवर घासतात. आता प्रत्येक टोक बोटाने तपासावे. रुळाचे टोक बोर्डाच्या तोंडापुढे अजिबात येता कामा नये; आले असेल तर सपाट कानशीने तोंडापासून केसभर मागे न्यावे, नाहीतर पुढच्या वेळी मिटताना दोन रूळच एकमेकांना ढकलतील आणि डाख सुटेल. शेवटी टोकाच्या वरच्या कडेला आणि गेजच्या आतल्या कडेला सुईकानशीचे दोन-तीन हात देऊन धार मोडावी. दोन-तीनच. उत्साहात इथे लांब उतार केला तर चाक त्या खड्ड्यात पडून टक्-टक् वाजत राहते.

तपासणी

बोर्ड पुन्हा जोडावेत, सुटे करावेत, पुन्हा जोडावेत. निदान पाच वेळा. एकदा जुळलेला जोड हा पुरावा नव्हे. प्रत्येक वेळी नखाचे टोक जोडावरून दोन्ही दिशांनी ओढावे. नख अडकले तर पायरी आहे. पोलादी फूटपट्टी रुळाच्या माथ्यावर उभी ठेवून तिच्याखालून विजेरीचा प्रकाश पाहावा, मग तीच रुळाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. फट दिसली तर कागदाची पट्टी सरकवून ती एका कागदाची की दोन कागदांची, हे पाहावे.

गाडीची चाचणी चार चाकांच्या हलक्या मालडब्याने घ्यावी. आयसीएफ प्रकारचा प्रवासी डबा २१ मीटरांहून थोडा लांब, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे २४५ मिमीचा असतो आणि त्याच्या दोन बोगी, म्हणजे डब्याखालचे वळू शकणारे चाकांचे संच, लहानसहान चुका पोटात घालतात. चार चाकांच्या मालडब्याचा सांगाडा मात्र ताठ असतो, त्यामुळे एक रूळ दुसऱ्यापेक्षा वर असला तर त्याचे एक चाक अधांतरी राहते आणि तो लगेच उतरतो. डबा बोटाने ढकलत आधी हळू, मग इंजिनामागे, मग इंजिनापुढे लावून मागे ढकलत न्यावा. नेहमी एकाच दिशेने घसरत असेल तर पुढच्या रुळाचे टोक उंच किंवा आत आहे. दोन्ही दिशांनी घसरत असेल तर जोडापाशी गेज चुकले आहे. पहिल्या दोषाला त्या एकाच टोकाचा डाख पुन्हा वितळवून रूळ बसवावा, आणि हे करताना बोर्ड जोडलेलेच असावेत. दर जोडणीत फरक वेगळाच दिसत असेल तर रुळाला हात लावू नये. डॉवेल सैल आहे.

वीज

जोडावर रुळातून वीज नेण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक बोर्डावरच्या रुळांना खालून स्वतःची तार द्यावी, ती बोर्डाखालून जाणाऱ्या जाड मुख्य तारेला जोडावी आणि दोन बोर्डांच्या मुख्य तारा प्लग-सॉकेटने जोडाव्यात. वीज ज्या बाजूने येते त्या बाजूला सॉकेट असावे. उघड्या पिनांचा भाग वीज असलेल्या टोकाला राहिला, तर त्याला कुठेतरी धातू लागतोच.

खडी आणि हलवाहलव

खडी बसवण्याआधी दोन बोर्डांच्या मधे पातळ प्लास्टिकचा कागद धरून बोर्ड मिटवावेत, खडी जोडावरून सलग पसरावी आणि पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबाने द्यावा. वाळल्यावर जोडाच्या रेषेवरून धारदार पाते फिरवून बोर्ड वेगळे करावेत, म्हणजे खडीतली चीर जवळजवळ दिसत नाही. काढून टाकलेल्या प्लास्टिकच्या स्लीपरांचे माथे कापून पीसीबीच्या पट्ट्यांवर चिकटवावेत आणि रंगाने एकजीव करावेत.

बोर्ड हलवताना रुळांची टोके उघडी ठेवू नयेत. टोकाच्या पट्टीच्याच आकाराची, बोल्टच्या त्याच भोकांची आणि रुळांपेक्षा पाच-सात सेंटिमीटर उंच असलेली प्लायची एक फळी प्रत्येक टोकाला बसवावी. तिला खुंटीच्या जागी मोठे भोक पाडावे, डॉवेल बसवू नये. दोन बोर्ड समोरासमोर उलटे ठेवून अशा दोन उंच फळ्यांनी बांधले, तर एक पेटीच तयार होते आणि टेम्पोवाल्याने ती कशीही ठेवली तरी आतले काही मोडत नाही. पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा रेल्वे मांडताना गाडी चालवण्यापूर्वी प्रत्येक जोड नखाने आणि कागदाच्या पट्टीने पुन्हा तपासावा. बोर्ड पूर्ण मिटत नसतील तर बोल्ट जोराने आवळू नयेत, पट्ट्या चार-पाच दिवस पंख्याखाली कोरड्या होऊ द्याव्यात.